पाच ताऱ्यांचा रस्ता

दारात मोटार असताना सायकलवर बसणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर सरकारी. असं आमच्या गावाचं मत होतं. गद्रे साहेब वेडे दिसत नव्हते, म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं.

आमचं गाव हिवरमाळ. शिरूरहून निमोण्याच्या बाजूला पाच मैल आलं की फाटा लागतो, आणि फाट्यावरून आत चार मैल. त्या चार मैलांना रस्ता म्हणणं हा आमचा जुना शिष्टाचार होता. एका अंगाला हिवर, दुसऱ्या अंगाला बाभळी, मध्ये बैलगाड्यांची खोल चाकोरी आणि निम्म्यावर ओढा. मी गनी. गावच्या चावडीजवळ माझं सायकलचं दुकान. दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप आणि ट्यूब बुडवून बघायला पाण्याचं घमेलं. गावात सतरा सायकली होत्या आणि त्या काट्यांच्या कृपेनं सतराही आठवड्याला एकदा माझ्याकडे यायच्या. लोक टोमणे मारायचे, "गनीला कशाला हवा रस्ता? त्याचा धंदा बसंल."

खरं तर अख्ख्या गावात रस्ता सगळ्यात जास्त मला हवा होता. माझी मुमताज त्या साली सातवी पास झाली होती, केंद्रात दुसरी आली होती, आणि पुढचं हायस्कूल शिरूरला होतं. तिच्या आईनं, खुर्शिदनं, निकाल लावून टाकला होता. "यष्टी गावात आली तर पोरगी जाईल. न्हाई आली तर घरात बसंल. चार मैल रानातनं एकटी पोर मी धाडायची न्हाई." यष्टीवाल्यांचंही म्हणणं सरळ होतं. ओढा आणि रस्ता नीट करा, दुसऱ्या दिवशी गाडी सोडतो. म्हणजे रस्ता झाला तर मुमताज शिकणार, नाही झाला तर चुलीपुढे बसणार. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती आम्हीच बिघडवली.

बासष्ट सालच्या मे महिन्यात मी फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत होतो. तिथे एक फियाट येऊन थांबली. तिच्या टपावर सायकल बांधलेली, गाडी थांबताच ड्रायव्हरचा डोळा लागलेला, आणि मागच्या सीटवरून उतरले गद्रे साहेब. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर सोला हॅट, गळ्यात दुर्बीण, हातात नकाशा. पुण्याचे होते हे सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं.

"काय हो, दिवसभर सायकलवरून हिंडता येईल असा एखादा निसर्गरम्य रस्ता आहे का इकडे?"

ते कोणाला विचारतायत ते बघायला मी मागे वळलो. मागे कोणी नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ते महिनाभर मोटारीनं जिल्हा पालथा घालत होते. जिथे मोटार थांबेल तिथून सायकल काढायची, दिवसभर फिरायचं, संध्याकाळी परत मोटारीत. शिक्रापुरात मुक्काम करून वढू बुद्रुकला जाऊन आले होते. दौंडलाही एक फेरी झाली होती. आता इकडे शोधत होते.

"पण कशापायी, साहेब?" मी विचारलं.

"आनंदासाठी!"

मे महिना, दुपारचे बारा, अंगाची लाही होतेय, आणि हा गृहस्थ मोटार उभी करून आनंदासाठी सायकल मारणार. माझ्या मनात आलं, सरकारी माणूस इतकं उघड खोटं बोलतो तेव्हा काम मोठं असतं. त्यात माझं लक्ष त्यांच्या सायकलकडे गेलं. पुढच्या चाकाला आकडे फिरवणारं एक छोटं यंत्र बसवलेलं होतं. किती मैल झाले ते मोजायला, असं तेच म्हणाले. वहीत रकाने पाडलेले होते: अंतर, चढ, उतार, रस्त्याची अवस्था. मला घाम फुटला. मी म्हटलं, "साहेब, उद्या सकाळी सातला इथंच या. मी स्वतः घिऊन जातो तुमास्नी." आणि सायकल अशी हाणली की घरी येईपर्यंत माझीच दोनदा पंक्चर झाली.

थेट ज्ञानू आबांकडे गेलो. आबा आमचे सरपंच. तिशीपर्यंत मेंढरांमागे कोकणच्या कड्यापर्यंत पायी हिंडलेला माणूस, आता चार एकरांत आणि पंचायतीत स्थिरावलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि निर्णय दिला.

"खड्डं मोजाया आलाय त्यो. मोटारीत बसून खड्डं कळत न्हाईत, गनी. सायकलीवर बरूबर कळत्यात."

"पण आबा, त्यो तर म्हणतो मजेपायी हिंडतोय."

"म्हणंल की! मी रस्त्याचा साहेब हाय असं सांगितलं तर गाव त्याला कोंबडं घालून आडवं करंल. म्हून येशांतर करून आलाय. हुशार मानूस हाय."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आणेवारी ठरवायला साहेब येतो, म्हणजे यंदा पीक किती आलं आणि सारा माफ करायचा का ते बघायला येतो, तेव्हा त्याला विहिरीखालचा मळा कोणी दाखवत नाही. माळावरचं करपलेलं रान दाखवायचं. शेजारच्या गावातल्या एका शहाण्यानं एकदा कौतुकानं आपली हिरवीगार ज्वारी दाखवली, तर गाव तीन वर्षं त्याच्याशी बोललं नव्हतं. साहेबाला वाईटातलं वाईट दाखवायचं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. आणि आमचा रस्ता मुळात वाईट असला तरी, आबांच्या मते, पुरेसा वाईट नव्हता.

त्या दुपारी सहा गडी पहारी घेऊन ओढ्यात उतरले. मे महिन्यात ओढ्याला पाणी नसतं, पण घोटाभर वाळू आणि तिच्याखाली चिकट गाळ असतो. त्यावर गावानंच दोन वर्षांपूर्वी एकोणीस सपाट दगड टाकून पायवाट केली होती. ते एकोणीसच्या एकोणीस दगड आम्ही उचकटून काठावर लोटले. मग आबा काट्यांबद्दल काही म्हणायच्या आधी मीच म्हणालो, "काट्यांचं माझ्याकडं लागलं." सुकलेल्या बाभळीच्या फांद्या बैलगाडीत भरल्या आणि मैलभर चाकोरीत झटकत गेलो. जन्मभर लोकांच्या ट्यूबमधून काटे उपसणारा मी, त्या दिवशी काटे पेरत होतो.

मुमताज सरपण घेऊन येत होती. ती थांबली. "अब्बा, ह्ये काय करताय?"

"तुझी यष्टी आणतोय," मी म्हणालो. मला तिचं ते बघणं अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी साहेब बरोबर सातला हजर. पहिलं पंक्चर दोन फर्लांगांवर झालं. मी खाली बसलो, काटा काढला आणि मुद्दाम त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, लिहून घेऊ दे. साहेबांनी तो काटा उन्हात धरला, दोन्हीकडून बघितला आणि म्हणाले, "काय सुरेख आहे हो!" आणि खिशात ठेवला.

मला वाटलं, पुरावा म्हणून ठेवला.

दुसरं पंक्चर झालं, तिसरं झालं. दर वेळी साहेबांचा चेहरा खुलत चालला. एका चढावर ते सायकलसकट आडवे झाले, गुडघा फुटला. मी धावलो, तर ते पडल्या पडल्या आभाळाकडे बघून म्हणत होते, "दौंडच्या बाजूला ही मजा नव्हती." मग उठून त्यांनी समोरच्या टेकडीचं नाव विचारलं.

"टेकडी," मी म्हणालो.

"नाव काय तिचं?"

"साहेब, एकच हाय. नाव कशाला ठिवायचं?"

त्यांनी तेही लिहून घेतलं.

ओढ्यात त्यांची सायकल आसापर्यंत रुतली. आम्ही दोघांनी ती ओढून काढली. साहेब गुडघ्यापर्यंत गाळानं माखले. आता घाव घालायचा, असं मी ठरवलं. "साहेब, मागच्या साली हितंच गाडी रुतली. आत सिंधूबाई होती, अडलेली. शिरूरला दवाखान्यात न्यायची होती. हितं वाळूतच बाळंत झाली."

साहेब हातातलं काम सोडून माझ्याकडे बघायला लागले. "अरेरे! आणि मूल?"

"पोरगी हाय. जगली."

"वा!" साहेब म्हणाले. "निसर्गाच्या कुशीत जन्म! किती जणांच्या नशिबात असतं हे?"

मी सिंधूबाईचं ते ओरडणं ऐकलेलं होतं. गाडीला खांदा लावणाऱ्यांत मी होतो. त्या क्षणी साहेबांना परत त्या गाळात लोटावंसं वाटलं. पण मुमताज डोळ्यांपुढे आली आणि मी नुसता हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

दुपारी आबांच्या घरी पिठलं, भाकरी आणि ठेचा झाला. साहेब घाम पुसत जेवले. सगळं गाव ओसरीवर जमलं होतं. आबांनी हळूच विषय काढला. "मंग साहेब, कवा व्हईल?"

"जूनच्या पहिल्या आठवड्यात छापून येईल," साहेब म्हणाले. "तुमच्या रस्त्याला मी न्याय देणार. बघाच तुम्ही."

आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. छापून येईल म्हणजे पेपरात टेंडर निघेल, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. परतीच्या वाटेवर साहेबांची सायकल आणखी दोनदा पंक्चर झाली. मी आनंदानं काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनी माझा पत्ता मात्र लिहून घेतला.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन खुर्शिदला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं जुनी सतरंजी काढली, तिचा न विरलेला भाग कापला आणि दप्तर शिवायला घेतलं. मुमताज शेजारी बसून बंद कुठे हवेत ते सांगत होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पोस्टानं एक साप्ताहिक आलं. साहेब शब्दाचे पक्के निघाले. मी ते तसंच, न फोडता, चावडीवर नेलं. पुरुष पारावर बसले, बायका कडेला उभ्या राहिल्या, आणि मुमताजला वाचायला लावलं. पान उघडून ती जरा थांबली, मग शाळेत वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचू लागली.

लेखाचं नाव होतं 'उन्हाळी मोटारसफरीतल्या सायकलफेऱ्या'. प्रत्येक फेरीला तारे दिलेले होते. वढू बुद्रुकला तीन. "दौंड: रस्ता उत्तम, सपाट. कुठेही उतरावे लागत नाही. त्यामुळे अत्यंत नीरस. एक तारा." मग आम्ही आलो. हिवरमाळला पाच.

"या वाटेला अद्याप सुधारणेचा हात लागलेला नाही," मुमताज वाचत होती. "काटे, वाळू, गाळ! शहरी माणसाला हरवलेला थरार येथे पावलोपावली भेटतो. ओढ्यावर फरशीचा पूल नाही, हे भाग्यच. सरकारला आमची कळकळीची विनंती आहे की, येथे रस्ता करण्याचे पाप करू नये. मात्र ही फेरी कणखर पुरुषांनीच करावी. पाण्याच्या दोन बाटल्या आणि चार ट्यूब जवळ ठेवाव्यात. स्त्रियांनी या वाटेला जाऊ नये. हे त्यांच्या शक्तीबाहेरचे काम आहे."

 आबांची तंबाखू तळहातावर तशीच राहिली. ते म्हणाले, "म्हंजी त्यो खरंच मजेपायी आलता?"

"व्हय," मी म्हणालो.

"मोटार ठिवून?"

"व्हय, आबा."

त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. पण तेवढ्यावर भागलं नाही. दोन दिवसांनी आबा रस्त्याच्या कामाची चौकशी करायला तालुक्याच्या कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनानं टेबलावरून तेच साप्ताहिक उचलून त्यांच्यापुढे नाचवलं. पुण्याचे लोक ज्या रस्त्यावर हौसेनं येतात तो रस्ता वाईट कसा, असं त्यानं विचारलं. यंदाचं काम दुसऱ्या गावाला गेलं होतं. त्या गावानं रस्त्याच्या खऱ्या साहेबाला आपला रस्ता आहे तसा दाखवला होता म्हणे. आबा परत आले ते घरात जाऊन झोपले, दोन दिवस बाहेर पडले नाहीत.

मी घरी आलो. दप्तर शिवून खुंटीला टांगलेलं होतं. मी त्याच्याकडे न बघता खुर्शिदला म्हटलं, "माझंच चुकलं. यष्टी काय येत न्हाई."

खुर्शिद भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. मग एकदम म्हणाली, "बायांच्या शक्तीभाईर?"

"काय?"

"त्यो तुमचा मेला साहेब. काय म्हणाला त्यो? बायांच्या शक्तीभाईर?" तिनं भाकरी तव्यावर आपटली. "मुमताज पोटात सात म्हयन्यांची असताना मी ह्याच वाटंनं डोईवर बोचकं घिऊन शिरूरच्या बाजाराला गेलेली हाय. अनवाणी. जाऊन परत आलेली हाय. माझ्याबद्दल कुणी लिवलं न्हाई! सिंधूबाई पंधराव्या दिशी तिथनंच पोर पाठीला बांधून खुरपाया गेली. आन् ह्यो हत्यारं घिऊन येणार, पाण्याच्या दोन बाटल्या, चार ट्यूबा, आन् म्हणं कणखर पुरुष!"

 ती मला काही तरी सांगतेय एवढं कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

"मुमताजच्या अब्बा, सायकल जोडा," ती म्हणाली. "पोरगी जाईल. पर एकटी न्हाई. ओढ्याच्या पल्याड जाईस्तोवर तुम्ही म्होरं चालायचं. आन् जे काटं पेरलेत ते तुम्हीच उचलायचं."

मी तीन मेलेल्या सायकलींमधून एक जिवंत केली. दांडा कुठला, चाकं कुठली, घंटी तर एका फुटक्या टांग्याची. शाळा उघडली त्या दिवसापासून मी रोज सकाळी सातला खराटा घेऊन निघायचो आणि ओढ्यापर्यंत चाकोरी झाडत जायचो. मागून आठच्या सुमाराला मुमताज यायची, पाठीला सतरंजीचं दप्तर, घंटी वाजवत. लोक हसले. गनी धंद्यावर खराटा मारतोय म्हणाले. त्यांचं खरं होतं. सहा महिन्यांत माझ्याकडची गर्दी निम्मी झाली.

आणि एके दिवशी ओढ्यापाशी पोचलो तर आबा एकटेच वाळूत उभे. पहार लावून काठावरचा दगड सरकवत होते. मी खराटा ठेवला आणि हात लावला. त्या दिवशी तीन बसले. आठवड्यात एकोणीस झाले. मग त्याच सहा गड्यांनी कोणी न सांगता आणखी अकरा आणून टाकले.

त्या हिवाळ्यात गद्रे साहेब पुन्हा आले. या खेपेला मोटार फाट्यावर ठेवून सायकलींवरून थेट ओढ्यापर्यंत, आणि सोबत फोटो काढणारा. मी ओढ्यापाशी झाडत होतो. "अहो गनीभाई, हे काय करताय?"

"काटं काढतोय, साहेब."

"अरे अरे!" साहेब कळवळले. गुडघा फुटल्यावरही त्यांचा चेहरा असा पडला नव्हता. तेवढ्यात मुमताज घंटी वाजवत आली, दगडांवरून सायकल हातानं ढकलत नेली, पलीकडे टांग टाकली आणि गेली. फोटो काढणारा यंत्र उघडेपर्यंत ती टेकडीच्या आड गेली होती. साहेबांनी ती कोण, कुठे जाते, असलं काही विचारलं नाही. वही काढली आणि उभ्या उभ्या काही लिहिलं.

पुढच्या मे महिन्यात पुस्तक आलं. साहेबांनी सगळ्या फेऱ्या एकत्र करून छापल्या होत्या आणि एक प्रत आठवणीनं मला पाठवली होती. मुमताज आठवी पास झाली होती, वर्गात पहिली. या खेपेला चावडीवर कोणाला बोलावलं नाही. ती उंबऱ्यात बसली, खुर्शिद तांदूळ निवडत होती, मी ट्यूबला ठिगळ लावत होतो. मुमताज वाचू लागली.

"'हिवरमाळ. ओढ्यापाशी सकाळी आठ ते साडेआठ अवश्य थांबावे. एक ग्रामकन्या वेणी उडवीत, घंटी वाजवीत सायकलवरून जाताना दिसते. दृश्य अतिशय मनोहर. ती कोठे जाते हे विचारू नये. विचारल्याने चित्राची गोडी जाते.'"

खुर्शिदचा हात सुपातच थांबला. मी मान वर केली नाही. माझ्या पोरीला त्या माणसानं झाडाझुडपांच्या आणि टेकडीच्या यादीत घातलं होतं, आणि मला त्या वेळी राग येण्याऐवजी रडायला आलं, हे कबूल करतो.

मुमताज मात्र न थांबता, त्याच खणखणीत आवाजात पुढचं वाचत होती. "'दुर्दैवाने अलीकडे या वाटेवरील काटे बरेच कमी झाले आहेत. ओढ्यातही कोणी दगड टाकून ठेवले आहेत. पूर्वीचा थरार उरलेला नाही. सबब एक तारा कमी केला आहे. चार तारे.'"

तिनं पुस्तक मिटलं.  मग उठली, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि माझ्या शेजारी आणून ठेवला.

"म्हंजी अजून चार राहिले की, अब्बा."